कोचीला अर्धा दिवस पुरत नाही

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद, सहल समिती,
आपलं मराठी मंडळ, बडोदा
(बडोद्यातल्या इतर मंडळांच्या सहल समित्यांनीही वाचावं, कारण कार्यक्रम सगळ्यांचा सारखाच असतो.)

विषय: केरळच्या सहलीत कोचीच्या वाट्याला आलेला अर्धा दिवस.

आदरणीय काका-काकू आणि समितीतल्या तरुण मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या केरळ सहलीचा कार्यक्रम ग्रुपवर पडला, भराभर अंगठे उमटले आणि ठरलंच असं धरून सगळे मोकळे झाले. मला ते तेवढ्यावर सोडवत नाही, म्हणून हे उघड पत्र. पहिल्या दिवसापुढे लिहिलंय: "दुपारी एर्नाकुलमला आगमन, जेवण, कोची स्थलदर्शन (चायनीज नेट, चर्च, डच पॅलेस, ज्यू टाउन), संध्याकाळी बोटिंग, मुक्काम एर्नाकुलम. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुन्नारकडे प्रस्थान." म्हणजे पाचशे वर्षांहून जुनं बंदर जेवण झाल्यावर सुरू करायचं आणि चहाच्या आत उरकायचं. मुन्नारला दोन मुक्काम, ठेक्कडीला एक, अलेप्पीच्या हाउसबोटीत एक, कन्याकुमारीला सूर्योदयासाठी एक. कोचीला फक्त रात्रीची झोप, आणि तीही शहराच्या भलत्याच बाजूला.

भलत्या बाजूला म्हणजे काय ते आधी सांगते. रेल्वे स्टेशन, मोठी हॉटेलं, मॉल हे सगळं एर्नाकुलमला, मुख्य जमिनीवर. जुनं शहर, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, खाडीपलीकडे. पूल ओलांडत बसने जायचं तर संध्याकाळच्या गर्दीत तास सहज मोडतो. बोटीने गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. टूरवाले बसने नेतात, कारण बस त्यांच्या ताब्यात असते आणि बोट सरकारची असते. आपण ज्याला "बोटिंग" म्हणतो ती मरीन ड्राइव्हवरची गाणी लावलेली बोट त्याच पाण्यात एक चक्कर मारून आपल्याला पुन्हा तिथेच आणून सोडते.

मागच्या केरळ सहलीला मी होते, समितीतले निम्मे लोकही होते, त्यामुळे यापुढचं त्यांना आठवेल. आपण कोचीला पोहोचलो तो शुक्रवार होता. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, शुक्रवारी दुपारनंतर बंद होतं, कारण ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, त्या संध्याकाळी लागतो, आणि शनिवारीही उघडत नाही. टूरवाल्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तारीख मुन्नारच्या हॉटेलवरून ठरली होती, कोची मध्ये कोंबली होती. त्याने आपल्याला "बाहेरून बघून घ्या, बाहेरूनच सुंदर आहे" असं सांगून एका मसाल्याच्या दुकानात सोडलं. राजवाड्यासाठी नसलेला वेळ दुकानासाठी होता, चांगला पाऊण तास. आमच्या आत्याने तिथे वेलदोडे घेतले आणि बडोद्याला आल्यावर खंडेराव मार्केटमध्ये भाव विचारून आठवडाभर कोणाशी बोलली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. कोचीला जास्त वेळ द्या असं मी म्हणते ते तिथे बघायला "पॉइंट" जास्त आहेत म्हणून म्हणत नाही. पॉइंट मोजायचे तर मुन्नारलाच जास्त निघतील. पण ते शहर बाहेरून आलेल्या लोकांनी भरलेलं आहे. कोणी व्यापाराला आलं, कोणी जीव वाचवून आलं, कोणी राज्य करायला आलं. काही गेले, काही पिढ्यान्पिढ्या राहिले आणि घरातली भाषा, देव, लोणची, लग्नाच्या रीती धरून राहिले. गायकवाडांबरोबर गुजरातेत आलेल्या आणि अजून दांडिया बाजारात गणपतीला सुखकर्ता म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शहर बसच्या काचेतून बघावं, याचं मला वाईट वाटतं.

या बंदराचा जन्म पुरातून झाला असं मानतात. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडचं कोडुंगल्लूरजवळचं जुनं मुझिरिस बंदर गाळाने भरलं आणि कोचीपाशी समुद्राला वाट मोकळी झाली. मग मिरीच्या मागे सगळे आले. अरब, चिनी, ज्यू हे आधीचेच. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल आला, दोन वर्षांनी वास्को द गामा, आणि १५०३ साली पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला, हिंदुस्थानातला त्यांचा पहिला. कालिकतच्या सामुतिरी राजाशी कोचीच्या राजाचं वाकडं होतं, त्यामुळे राजाला हे पाहुणे सोयीचे वाटले. पुढे काय झालं ते आपल्याला वसईपर्यंतच्या इतिहासातून माहीत आहे. १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांना हुसकलं, १७९५ साली इंग्रजांनी डचांना. इंग्रजांनी किल्ला पाडून टाकला, तेव्हा फोर्ट कोचीत जाऊन "फोर्ट कुठाय?" असं विचारत फिरू नका. मागच्या वेळी आपल्या बसमधल्या दोघांनी विचारलं होतं.

सेंट फ्रान्सिस चर्च हे आपल्या यादीत नुसतं "चर्च" आहे. ते १५०३ साली लाकडी होतं, मग दगडविटांचं झालं, आणि युरोपियनांनी हिंदुस्थानात बांधलेलं सर्वांत जुनं चर्च म्हणून ओळखलं जातं. गामा १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच मेला आणि इथेच पुरला गेला. चौदा वर्षांनी त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या, त्यामुळे कठड्यातली जी शिळा दाखवतात ती रिकाम्या जागेवरची. टूरवाला तेवढीच दाखवतो आणि फोटो झाले की निघतो. खरी गंमत भिंतींवर आहे. थडग्यांवरच्या जुन्या शिळा तिथे उभ्या करून बसवल्या आहेत, उत्तरेच्या भिंतीला पोर्तुगीज, दक्षिणेच्या भिंतीला डच. हयातीत एकमेकांचे गळे धरणारे आता समोरासमोर आहेत आणि मधून आपण चपला घालून फिरतो. वर मान केली की कापडी पंख्यांची रांग दिसते. त्यांचे दोर खिडक्यांतून बाहेर जातात. साहेब आत प्रार्थनेला बसायचे आणि बाहेर उन्हात बसलेला माणूस दोर ओढून त्यांना वारा घालायचा. मूळ रोमन कॅथलिक, मग डच प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचं अँग्लिकन, आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडे, म्हणजे चर्च तेच, मालक चार. हे सगळं वाचायला अर्धा तास लागतो. आपल्याला मिळतात दहा मिनिटं, त्यातली पाच चपला सोडायच्या की नाहीत या चर्चेत जातात.

चिनी जाळ्यांबद्दल मात्र मी थोडं लांबण लावणार आहे, कारण ती सगळेच बघतात आणि जवळजवळ कोणीच बघत नाही.

किनाऱ्यावर लाकडी खांबांचा एक मोठा सांगाडा असतो, पुढच्या बाजूला चार वाकलेले बांबू आणि त्यांना लटकलेलं जाळं. मागच्या बाजूला दोरांना बांधलेले दगड, एकाखाली एक, मोठमोठे. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने तोल ढळतो आणि जाळं पाण्यात उतरतं. पुढे गेलं की मागचे दगड एकेक करून वर उचलले जातात. मग सगळे थांबतात. काही मिनिटांनी चार-पाच जण मागचे दोर धरून ओढतात, दगड एकामागून एक जमिनीवर टेकत येतात, आणि जाळं पाणी गाळत वर येतं. दगडांची संख्या आणि त्यांच्यामधलं अंतर अशा हिशेबाने ठेवलेलं असतं की अवजड सांगाडा मोजक्या माणसांच्या हाताने हलतो. ना मोटर, ना कप्पी. ओढताना ते काहीतरी म्हणतात, पहिल्या दोन वेळा ती नुसती आरोळी वाटते, नंतर त्यातला ठेका कळतो. वर आलेल्या जाळ्यात बहुतेक वेळा मूठभर मासळी असते. ती काढायच्या आत बगळे आणि मांजरं हजर.

ही जाळी कुबलाईखानाच्या दरबारातून आली असं तुम्हाला गाइड सांगेल. दुसरा गाइड सांगेल की चिनी आरमाराचा सरदार "झेंग हे" ती घेऊन आला. तिसरं मत असं की पोर्तुगीजांनीच ती मकाऊहून आणली. तिन्ही गाइड आपापल्या जागी ठाम असतात, आपण ऐकून घ्यावं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की या जाळ्यांवर आता पोट भरत नाही. मासळी घटली, पावसाळ्यात खाडीतून जलपर्णीचे ढिगारे वाहत येऊन जाळ्यात अडकतात, चांगलं लाकूड महागलं म्हणून काही ठिकाणी लोखंडी पाइप आले. पर्यटकांना दोर ओढू देऊन मिळणारी बक्षिसी हा त्या माणसांच्या कमाईचा मोठा भाग झाला आहे. मागच्या वेळी आपल्यातल्या एकाने दोर ओढला, रील काढली आणि "पैसे कसले मागता" म्हणून हुज्जत घातली. नाव लिहीत नाही, ते हे पत्र वाचतीलच.

सकाळी साडेसहा-सातला तिथे गेलं तर बस नसतात, रील नसतात, कामच चालू असतं. पण सकाळी साडेसहाला आपण मुन्नारच्या रस्त्याला लागलेले असणार.

फोर्ट कोचीहून मट्टनचेरीला जाणारा बाजार रोड हा माझ्या मते त्या शहरातला सर्वांत चांगला रस्ता आहे, आणि कोणत्याही पॅकेजमध्ये तो नाही. एका अंगाला गोदामं, त्यांची मागची दारं थेट पाण्यावर उघडतात. माल होडीतून चढायचा-उतरायचा म्हणून तशी बांधलेली. बरीच आता बंद आहेत, काहींची कॅफे झाली आहेत, पण काहींमधून अजून सुंठीचा वास नाकात शिरतो. अंगणात सुंठ वाळत पसरलेली आणि बायका बसून निवडतायत असं दृश्य अजून दिसतं. मिरीचा व्यवहार करणाऱ्यांची संघटना मट्टनचेरीतच १९५७ साली स्थापन झाली आणि मिरीच्या वायद्याचे सौदे इथे ओरडून व्हायचे, पुढे ते संगणकावर गेले. दाणा तोच.

याच पट्ट्यात अ‍ॅस्पिनवॉल हाउस नावाचं जुनं व्यापारी आवार आहे. २०१२ साली १२ डिसेंबरला तिथे कोची-मुझिरिस बिनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाची सुरुवात झाली. बडोद्याच्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या फाइन आर्ट्सला केरळहून मुलं किती वर्षं येतायत हे फतेहगंजच्या कोणत्याही घरमालकाला विचारा. १९८७ साली बडोद्यातच केरळच्या काही बंडखोर चित्रकार-शिल्पकारांनी "रॅडिकल" नावाने आपला गट उभा केला होता. त्या गटातल्या अनिता दुबे बडोद्याला शिकलेल्या, आणि २०१८ च्या बिनालेच्या क्युरेटर त्याच. बिनाले असते तेव्हा डिसेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत ही गोदामं उघडी असतात आणि त्यात जगभरची चित्रं-शिल्पं मांडलेली असतात. सगळंच आवडेल असं नाही. मला निम्मं कळलं नाही आणि त्यातलंही निम्मं आवडलं.

आता राजवाडा. त्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी बांधला, १५५५ च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला नजर केला. डचांनी १६६३ मध्ये डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. बाहेरून तो राजवाडा वाटतच नाही, आपल्या रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखा दिसतो. लक्ष्मी विलासच्या सवयीचे आपण बडोदेकर "एवढाच?" म्हणून मोकळे होतो. मधल्या चौकात देवीचं देऊळ. वर राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण आहे, दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून रामाच्या अयोध्येला परतण्यापर्यंत. तांबडा-पिवळा गेरू, हिरवा, काळ्या रेघा. बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. माणसं, माकडं, झाडं, दागिने एकमेकांत घुसलेले. पहिली पाच मिनिटं डोळ्यांना काही लागत नाही. मग एक चेहरा सापडतो, त्याच्या नजरेवरून दुसरा, आणि मग गोष्ट चालू लागते.

इथे एक धागा आपल्यापर्यंत येतो. तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण होते, मग इंदूरचे झाले, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याचे. सयाजीराव महाराज अज्ञान होते, कारभार माधवरावांकडे होता. त्रावणकोरातल्या किळिमानूरचे राजा रविवर्मा बडोद्याला आले ते याच ओळखीतून, आणि त्यांनी सयाजीरावांसाठी काढलेली पुराणातली चित्रं लक्ष्मी विलासमध्ये आपण शाळेपासून बघत आलो. रविवर्म्यांच्या देवता मागे मोकळं आकाश घेऊन उभ्या असतात, तेलरंगात, युरोपियन उजेडात. मट्टनचेरीच्या भिंतीवर त्याच देशातली, त्यांच्या कितीतरी आधीची रामकथा आहे आणि तिथे आकाशाला जागाच नाही. ही दोन्ही चित्रं एकाच आठवड्यात पाहायची सोय बडोदेकराइतकी कोणाला असेल? आता कोणी म्हणेल, भित्तिचित्रं बघायला एवढ्या लांब कशाला, आपला तांबेकर वाडा आहे की. बरोबर आहे. तो दांडिया बाजारातून पायी जाण्याइतका जवळ आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आपल्यापैकी किती जण चढलेत, ते रविवारच्या बैठकीत हात वर करून सांगा.

राजवाड्याच्या जवळच परदेशी सिनेगॉग. १५६८ साली राजाने दिलेल्या जमिनीवर बांधलेलं, राजवाड्यातल्या देवळाला जवळजवळ भिंतीला भिंत लावून. पोर्तुगीजांनी १६६२ मध्ये जाळलं, डच आल्यावर पुन्हा उभं राहिलं. घड्याळाचा मनोरा १७६० चा. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या. १९६८ साली चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या. तोवर निम्म्याहून जास्त वस्ती इस्रायलला गेलेली होती, आता बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाही. ज्यू टाउनच्या दुकानांत काश्मिरी शाली आणि जुन्या वाटणाऱ्या नव्या पितळी वस्तू मिळतात. तिथे जपून.

पण माझा खरा आग्रह त्यापुढच्या चेरलाई भागाचा आहे. तिथे आपली माणसं आहेत. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून सोळाव्या शतकात गोवा सोडलेले गौड सारस्वत. तिरुमल देवस्वम हे त्यांचं व्यंकटेशाचं देऊळ. आजूबाजूला पापड-लोणच्यांची घरगुती दुकानं, आणि दारात उभं राहिलं की कानावर कोंकणी पडते. मल्याळममध्ये बुडून चारशे वर्षं झाली तरी ती टिकली आहे, जरा हेल वेगळा, पण आपल्याला निम्मी समजते. केरळातल्या बऱ्याच देवळांप्रमाणे पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं, त्याची तयारी आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी कुरबुर नको.

या कोंकणी वैद्यांची एक गोष्ट मला फार आवडते. डच गव्हर्नर व्हान रेडने मलबारच्या वनस्पतींवर "हॉर्टस मलबारिकस" नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ मध्ये आम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरवली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तिघा कोंकणी वैद्यांनी. पहिल्या खंडात या तिघांचं १६७५ चं प्रमाणपत्र आहे, कोंकणीत, नागरी अक्षरांत. म्हणजे कोचीच्या गल्लीतल्या तीन भटांनी आपल्या लिपीत लिहून दिलेलं हॉलंडमध्ये छापलं गेलं, आणि ते लिहिलं तेव्हा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालं होतं. सहलीच्या बसमध्ये अंताक्षरी खेळताना हे कोणी सांगत नाही.

आणि गुजराती! मट्टनचेरीत गुजराती रोड आहे, गुजराती शाळा आहे, मिठाईची दुकानं आहेत. कच्छ-सौराष्ट्रातून मसाल्याच्या व्यापाराला गेलेली घराणी. धर्मनाथांचं जैन देरासर आहे, दुपारी बाराच्या सुमारास तिथे कबुतरांना दाणे टाकतात. मलयाळी मुलुखात "केम छो" म्हणून हाक मारली आणि आतून "आवो आवो" आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो हॉटेलातल्या मराठी जेवणाने कधी झाला नव्हता. घरी मराठी, बाजारात गुजराती हे आपण करतो. ते लोक घरी गुजराती, बाजारात मल्याळम असं करतात. तक्रारीसुद्धा त्याच: मुलांना लिहिता येत नाही, नुसतं बोलतात. शिवाय केरळात सोनं गाळणारे विटा-आटपाडीकडचे गलाईवाले गावोगाव असतातच, सोनाराच्या गल्लीत कान दिला तर थेट सांगलीची मराठी ऐकू येईल.

आता आक्षेपांकडे. वय झालं, चालवत नाही, हा पहिला. फोर्ट कोची सपाट आहे, मोठमोठ्या झाडांची सावली आहे, आणि जाळी, चर्च, सांताक्रूझ बॅसिलिका, डच दफनभूमी हे सगळं एकमेकांपासून थोड्या पावलांवर. मुन्नारच्या घाटात बसमध्ये उलट्या करणं जास्त सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी गेल्या वेळचे फोटो काढून पाहावेत. पाणी ओलांडायला २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे, विजेवरच्या वातानुकूलित बोटी, धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो त्यामुळे गुडघ्याला पायरी लागत नाही, व्हीलचेअरही आत जाते. तिकीट शेव-उसळीच्या प्लेटहून महाग नाही. जेवणाचा प्रश्न वर सांगितलेल्या सारस्वतांनी आणि गुजरात्यांनी केव्हाच सोडवून ठेवला आहे.

लोकांना मुन्नार हवं असतं, हा दुसरा. हवंच असतं, मलाही हवं आहे. चहाचे मळे एका मुक्कामातही दिसतात. दुसऱ्या दिवशी तेच मळे दुसऱ्या वळणावरून दिसतात.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही: जुन्या इमारतीत काय बघायचं? तर हेच आपल्या शहराचं होतं तेव्हा आपल्याला झोंबतं. बाहेरगावचे पाहुणे सकाळी लक्ष्मी विलास करतात, दुपारी केवडियाला १८२ मीटरच्या पुतळ्यापाशी पोहोचतात, आणि "बडोदा बघितलं" म्हणून सांगतात. सुरसागर नाही, कीर्तिमंदिर नाही, मांडवी नाही, विठ्ठल मंदिर नाही. आपण त्यांना नावं ठेवतो. कोचीचे लोकही आपल्याला ठेवत असतील, फक्त मल्याळममध्ये, म्हणून चाललंय.

जाता जाता एक: बसने पूल ओलांडताना जे विलिंग्डन बेट लागतं ते माणसाने केलेलं आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा आडवा बांध होता, मोठी जहाजं बाहेर उभी राहायची. १९२० मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने तो कापला, १९२८ मध्ये पहिली आगबोट "पद्मा" आत आली, आणि उपसलेल्या गाळाचं बेट झालं. बसमध्ये माइक कोणाच्या हातात असेल त्याने एवढं जरी सांगितलं तरी पुरे.

तर मागणी अशी. कोचीला दोन पूर्ण दिवस आणि दोन्ही रात्री फोर्ट कोचीत. तिथे आपल्यासारख्या गटांना पुरतील इतके होम-स्टे आहेत, एका छताखाली सगळे मावणार नाहीत, दोन-तीन घरांत विभागावं लागेल, विभागा. दिवस रविवार ते मंगळवारमधले धरा. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना असते, म्हणून तिथे दुपारी जा. त्रिपुणितुराचा हिल पॅलेस करायचा असेल तर तो सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवा. ३१ डिसेंबरची रात्र टाळा, कार्निव्हलची गर्दी आपल्या ज्येष्ठांना झेपणार नाही. मसाल्याचं दुकान कार्यक्रमातून काढा, ज्याला घ्यायचं तो बाजार रोडवर स्वतः भाव करून घेईल. कन्याकुमारीचा सूर्योदय गेल्या वेळी ढगात गेला होता, तो मुक्काम कापला तर पैशांचं गणितही बसतं. खजिनदारांना मी आकडे वेगळे पाठवले आहेत.

रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे तारीख बदलायला अजून वेळ आहे, पण रविवारच्या बैठकीत ठरलं नाही तर टूरवाला जुन्याच तारखा पक्क्या करेल, आणि त्या तारखांत कोची पुन्हा शुक्रवारी येतंय, मी कॅलेंडर बघितलंय. दोन दिवसांचा पायी कार्यक्रम, कुठे बसायला जागा आहे, कुठे स्वच्छतागृह आहे, यासकट लिहून काढायचं काम माझ्याकडे द्या.

कळावे,
आपली,
दांडिया बाजारातली एक आजीव सभासद